प्राचार्यांनी मागच्या बाकावर येऊन बसावं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेली; आता एका पदवी महाविद्यालयात अतिथी प्राध्यापिका म्हणून रसायनशास्त्र शिकवते. फाइलमध्ये वेबिनारची नि एफडीपीची (शिक्षकांच्या अल्पकालीन प्रशिक्षणाची) मिळून सात प्रमाणपत्रं होती. ती बाजूला सारून म्हणाली, "मॅडम, पोरं गप बसून लिहून घेतात, पण पेपरात काही उतरत नाही. माझं कुठं चुकूलंय?" मी विचारलं, तुझा तास कुणी ऐकलाय का? तीन वर्षांत एकदाही नाही.

मी 1986 साली नोकरीला लागले, तेव्हा आमची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. पहिल्याच पावसाळ्यात प्राचार्य न सांगता माझ्या तासाला आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी 'मोल', म्हणजे रसायनातलं कण मोजायचं एकक, शिकवत होते. कौलांवर पाऊस कोसळत होता आणि मी फळ्याकडे तोंड करून बोलत होते. तास संपल्यावर त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावरचं टिपण दाखवलं. मी नऊ वेळा "समजलं का?" विचारलं होतं आणि एकदाही उत्तरासाठी थांबले नव्हते. त्यांच्या शेजारच्या तीन मुलांनी दहाचा तेविसावा घात सरळ '1023' असा उतरवून घेतला होता. पुढं उभं राहून मला ते कधी दिसलं नसतं. मुलं हुशार होती. कुणी मराठी माध्यमातून आलेलं, कुणी कन्नड. इंग्रजीत चूक होईल म्हणून तोंड उघडत नव्हती, एवढंच.

सर मला रागावले नाहीत. "गुरुवारी माझ्या तासाला या, मागं बसा," म्हणाले. ते वनस्पतिशास्त्राचे. फळ्याच्या खालच्या भागात काढलेली त्यांची आकृती तिसऱ्या बाकापलीकडं दिसत नव्हती. मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत आकृती फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागातच काढत. मी पुढं तीन रिफ्रेशर कोर्स केले, विषयातलं नवं तिथं खूप मिळालं. पण शिकवायचं कसं, हे मला त्या दोन तासांनी दाखवलं.

हायस्कूलच्या शिक्षकाला बीएड करताना पाठ घ्यावे लागतात, मागं बसून कुणीतरी ते तपासतं. कॉलेजच्या शिक्षकाला नेट किंवा केसेट ही पात्रता परीक्षा झाली की थेट वर्गात पाठवतात. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, त्यांची नावं दोनदा बदलली, आज ती मालवीय मिशनची केंद्रं आहेत. ती हवीतच. पण बढतीसाठीच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत अध्यापनाचं मोजमाप आहे ते नेमून दिलेल्यापैकी किती तास घेतले याचं. 80 टक्के किंवा जास्त घेतले की 'चांगलं'. त्या तासात मुलांनी वहीत 1023 लिहिलं का, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

प्राचार्यांची अडचण मी पाहिली आहे. नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) कागदपत्रं, परीक्षा, बैठका, त्यातून अनेक ठिकाणी प्रभारी कारभार. तरीही वर्गात काय चाललंय हे पाहणं हेच त्यांचं पहिलं काम आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आता आमची कॉलेजं ज्याला जोडलेली आहेत त्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला आणि आपल्या भागातल्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दर सेमिस्टरला प्राचार्यांनी किंवा विभागप्रमुखांनी प्रत्येक नव्या शिक्षकाच्या निदान दोन तासांना मागं बसावं. त्याआधी स्वतःचा वर्ग त्यांना पाहू द्यावा. यासाठी वेळापत्रकात जागा ठेवावी. रिकाम्या वेळात बघू म्हटलं की ते राहून जातं. त्या टिपणाला गुण नकोत, ते सेवापुस्तकात जायला नको, नाहीतर शिक्षक त्या दिवसापुरता सजवलेला तास घेईल. आणि यात अतिथी प्राध्यापकांना वगळू नये. कित्येक ठिकाणी निम्मे तास तेच घेतात, आणि त्यांना मात्र कुणी विचारत नाही.

त्या मुलीच्या तासाला मी स्वतः बसायला तयार आहे. तिनं वरिष्ठांना विचारलं, तेव्हा बाहेरच्या माणसाला वर्गात बसवायची तरतूद नाही, असं उत्तर मिळालं. तोवर मी तिला एवढंच सांगितलंय, तास संपताना शेवटच्या बाकापर्यंत जा आणि तीन वह्या उघडून बघ.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, खानापूर (जि. बेळगाव)