शिबिराचा मुक्काम तेवढा तोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) विशेष शिबिरांच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. उद्घाटन, पाहुणे, वृक्षारोपण, समारोप. यंदा आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने हे सात दिवसांचे निवासी शिबिर जाऊन-येऊन केले. सकाळी बसने गावात, संध्याकाळी परत घरी. पालक मुलींना रात्री राहू देत नाहीत, अनुदान पुरत नाही, काही झाले तर जबाबदारी कोणाची, ही कारणे ऐकली. ती खोटी नाहीत. तरीही मुक्काम काढून टाकला तर उरते ती सहल.

मी बरीच वर्षे रासेयोची कार्यक्रम अधिकारी होते. अकोले तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचा तळ असे. मुली वर्गखोल्यांत, मुले मंदिराच्या सभामंडपात. १०० स्वयंसेवकांच्या एककातले निम्मे शिबिराला येतात. पहिल्या रात्री सगळे आपापल्या वर्गाचे, आपापल्या गावाचे कोंडाळे करून बसतात. कला शाखेचे विज्ञानवाल्यांच्या सतरंजीकडे फिरकतसुद्धा नाहीत.

ही कोंडाळी मोडतात ओढ्यावर. वनराई बंधारा घालायचा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, दाभण-सुतळीने तोंड शिवायचे आणि साखळी करून हातोहात त्या पाण्यापर्यंत पोचवायच्या. तोंडापर्यंत ठासून भरली तर गोणी नीट बसत नाही. साखळीत आपल्या शेजारी कोण उभे राहील, हे कोणाच्या हातात नसते.

एका वर्षी गटप्रमुखाची पाळी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीवर आली. वर्गात हजेरीपुरते बोलणारी मुलगी. मुलांनी गोण्या एकावर एक सरळ रचत नेल्या होत्या. तिने काम थांबवले. ‘‘सांधा मोडून लावा, खालच्या दोन गोण्यांच्या फटीवर वरची गोणी येऊ द्या, नाहीतर इथूनच पाणी फुटेल,’’ म्हणाली. लावलेले दोन थर उतरवावे लागणार होते, ऊन चढले होते, मुले कुरकुरली. ती वाद घालत बसली नाही. सलवार गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरली आणि पहिली गोणी स्वतः उचलायला लागली. मग बाकीचे उतरले. संध्याकाळी बंधाऱ्यामागे पाणी चढू लागले, तेव्हा गावातली म्हातारी माणसेही बघायला आली.

पण खरी गोष्ट रात्रीची आहे. जेवणानंतरच्या आढावा बैठकीत, सकाळी सर्वांत जास्त कुरकुरलेल्या मुलानेच तिला विचारले, ‘‘तुला हे कसं माहीत?’’ तिचे वडील गवंडी. कॉलेजात तिने हे कोणालाच सांगितले नव्हते. त्या रात्री ती वडिलांच्या कामाविषयी, ओळंब्याविषयी, सुट्टीत विटा वाहण्याविषयी बोलत राहिली आणि सगळे ऐकत राहिले. पाचच्या बसने घरी गेलेल्या मुलांना ही बैठक कुठून मिळणार?

भोजन समितीतही हेच. घरी स्वतःचे ताट न उचललेला मुलगा पन्नास जणांची कणीक मळतो आणि मीठ राहिले म्हणून चार जणांची बोलणीही खातो.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि त्याला जोडून हे शिबिर, अशी तिची रचना. आता नव्या शैक्षणिक धोरणात रासेयोला श्रेयांक (क्रेडिट) मिळतात, याचा आनंद आहे. पण श्रेयांकांसाठी फाइलीत फोटो आणि अहवाल लागतात, आणि ते जाऊन-येऊनही मिळतात. माझी भीती हीच आहे.

मुलींच्या मुक्कामाची व्यवस्था अवघड नाही. आम्ही गावातल्या बचत गटाच्या बायकांना रात्री सोबतीला बोलावत असू. त्या हौसेने येत आणि ओव्या म्हणत. महिला कार्यक्रम अधिकारी पूर्ण वेळ तळावर असावी, शौचालयाची व पाण्याची सोय ग्रामपंचायतीशी बोलून आधी तपासावी. अनुदान वाढवण्याचा विचार विद्यापीठांनी आणि शासनाने करावा. सात दिवसांचे दोन वेळचे जेवण आजच्या बाजारभावात बसवताना कार्यक्रम अधिकाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

आणि पालकांना विनंती, मुलीला पाठवायला मन धजत नसेल तर नकार देण्याआधी तळावर येऊन जा. समारोपाला नको, मधल्याच एखाद्या दिवशी या. श्रमदान बघा, पंगतीत जेवा, रात्रीच्या बैठकीला थांबा.

– एक निवृत्त प्राध्यापिका, संगमनेर