आमेयोकोचा डबा

टोकियो,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मन्या,

फोनवर "मजेत आहे" म्हणून दोनदा तुला कटवलं, ते खोटं होतं. येऊन तीन आठवडे झाले आणि या तीन आठवड्यांत माझ्याशी कुणी मोठ्याने बोललेलं नाही. लोकलमध्ये माणसं चेपून उभी, पण सगळे चिडीचूप. दुकानात तो वाकतो, मी वाकतो, पैसे ट्रेमध्ये ठेवायचे, की झालं. शुक्रवारी ऑफिसातल्या एकाने विचारलं, आमेयोकोला गेलास का? म्हणून आज गेलो.

उएनो स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की कमान दिसते. तिथून ओकाचिमाची स्टेशनपर्यंत रेल्वेच्या पुलाखाली आणि पुलाला खेटून नुसती दुकानं. डोक्यावरून यामानोते लाइनची गाडी धडधडत गेली की खालचे विक्रेते तिच्या वर आवाज चढवतात. एक मासेवाला क्रेटवर उभा राहून असा काही ओरडत होता, की मी पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहिलो. हसू नकोस, पण बरं वाटलं.

युद्ध संपल्यावर इथे काळा बाजार होता. साखरेचा दुष्काळ, म्हणून रताळ्याच्या गोड गोळ्या विकणाऱ्यांनी गल्ली भरली. 'आमे' म्हणजे तसली गोळी आणि 'योको' म्हणजे योकोचो, गल्ली. काहीजण म्हणतात, अमेरिकन लष्कराचा माल इथे विकला जायचा, 'आमे' तिथून आलं. मला तर दोन्ही पटलं. एका दुकानात हजार येनच्या पिशवीत चॉकलेटची पाकिटं कोंबत विक्रेता "अजून एक, अजून एक" करतोय (शब्द कळले नाहीत, हात कळले) आणि थोडं पुढे गेलं की लष्करी जाकिटं टांगलेली.

आता माझी फजिती. मी एकच वाक्य पाठ करून गेलो होतो, 'इकुरा देसु का', म्हणजे केवढ्याला? मासळीच्या दुकानात एका डब्यात लालभडक, मण्यांसारखं काहीतरी चमकत होतं. बोट दाखवून विचारलं, "इकुरा?" (बाकीचं ऐन वेळी विसरलो.) तो खूश होऊन म्हणाला, "इकुरा!" मी पुन्हा, "इकुरा?" तो मान डोलावत, "इकुरा, इकुरा!" असं आमचं तीन-चार वेळा झालं. मागे उभ्या आजी तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मग मोबाइलवर शोधलं. सामन माशाच्या अंड्यांनाही इकुराच म्हणतात. शब्द रशियनमधून आलाय म्हणे. म्हणजे मी 'केवढ्याला' विचारत होतो आणि तो बिचारा मालाचं नाव सांगत होता.

शेवटी त्याने कॅल्क्युलेटर पुढे केला. १५००. माझा चेहरा आपोआप पडला, शप्पथ, घासाघीस करायचा विचारही नव्हता. त्याने कॅल्क्युलेटर मागे घेतला, १३०० केले. जपानात भाव करत नाहीत असं मला दहाजणांनी सांगितलं होतं. मी हजाराची नोट, शंभराची दोन नाणी आणि भोकाची दोन नाणी पुढे केली. त्याने एक भोकाचं नाणं बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. पन्नासाचं पांढरं असतं, हे पिवळं पाचाचं. त्याच्यावर आकडाच नाही, किंमत नुसती जपानी अक्षरात. मी तीन आठवडे ते पन्नासाचं समजून खिशात जपत होतो!

पुढे काडीला टोचलेला खरबुजाचा तुकडा खाल्ला आणि काडी टाकायला कचऱ्याचा डबा शोधत निघालो. मिळतोय कसला! १९९५ मध्ये इथल्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून रस्त्यावरचे डबे जवळपास गेलेच. गल्लीच्या टोकापर्यंत काडी हातात धरून गेलो, मग उलटा त्याच फळवाल्याकडे आलो. त्याने न बोलता पायाजवळची बादली दाखवली. जिथे घेतलं तिथेच खायचं आणि तिथेच टाकायचं, एवढं साधं.

आता इकुराचा डबा फ्रीजमध्ये आहे. कसं खातात ते विचारायचं राहिलं. तेवढी भाषा अजून आलेली नाही. पुढच्या रविवारी त्याच्याकडेच जाऊन हातवारे करून विचारीन. पण रविवारपर्यंत ते टिकतं का, तेही माहीत नाही.

सविस्तर लिही. आणि वहिनींना यातली फक्त इकुराची गोष्ट सांग, पहिला परिच्छेद नको.

तुझा,
बंड्या