कोलोनमधील त्या अनामिकांचे आभार

जर्मनीतील कोलोन शहराच्या लुडविग कलासंग्रहालयात आईचा गुडघा दुखू लागल्याचे पाहून न मागता घडीची खुर्ची आणून देणाऱ्या पहारेकरी बाईंचे, तसेच योसेफ हाउब्रिख या वकिलाने नाझी राजवटीत जपलेली अभिव्यक्तिवादी (हुबेहूब दृश्यापेक्षा मनातील भावना ठळकपणे मांडणारी) चित्रे १९४६ मध्ये शहराला कशी दिली, हे सावकाश इंग्रजीत, माझे मराठी भाषांतर होईपर्यंत थांबत, समजावणाऱ्या वृद्ध गृहस्थांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. पिकासोच्या दालनापेक्षा आई त्या चित्रांपुढेच अधिक रमली. बाहेरच्या चौकाखाली संगीतसभागृह असल्याने, पावलांचा आवाज खाली पोहोचू नये म्हणून मैफलीच्या वेळी हा चौक ओलांडू देत नाहीत. तेव्हा आईचा हात धरून वळशाच्या वाटेने आम्हांला रेल्वे स्थानकापर्यंत सोडणाऱ्या तरुणीचे नाव विचारायचेही राहून गेले. तिचेही आम्ही ऋणी आहोत.