इशारा पातळी

कोल्हापूर,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

परवा प्रसादरावांचा बंगळूरजवळच्या होसूरहून फोन आला होता. नेहमीसारखाच, बाबांच्या शुगरची चौकशी करायला. मग हळूच म्हणाले, "आई, मंजू हल्ली तुटक बोलते. तिकडं काही बोलली का?" मी म्हटलं, ऑडिट चाललंय तिचं. तेवढ्यावर भागलं. पण ठेवता ठेवता म्हणाले, दिवाळीचा बोनस आणि साठलेले असे चार लाख घराच्या कर्जात भरून टाकतो, व्याज तरी वाचेल. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

तू रविवारी निघताना बजावलंस की पुण्याचं तुझं ऑफिस बंद होतंय, ३१ मार्चला नोकरी सुटणार, हे प्रसादरावांना माहीत नाही; जानेवारीत नव्या नोकरीत त्यांचं कन्फर्मेशन होऊ दे, ते कायम होऊ देत, मग मी सांगते, तोवर कुणाला बोलू नकोस. मी बोलणार नाही. तुमचं तुम्ही बघा. हे पत्र त्यासाठी नाहीच. कागदांबद्दल लिहायचंय, कारण फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि विसरतेस.

पहिलं म्हणजे राजीनामा घाईनं देऊ नकोस. एचआरवाले गोड बोलतील, डिसेंबरअखेर स्वतःहून सोडा, रेकॉर्ड चांगलं राहतं वगैरे. तू लागलीस १८ जुलै २०११ ला. ग्रॅच्युइटीला पुरी वर्षं धरतात आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असले तर त्याचं एक वर्ष धरतात. म्हणजे १८ जानेवारी ओलांडलीस तर १५, त्याआधी सुटलीस तर १४. शेवटचा पगार (मुख्यतः बेसिक अधिक महागाई भत्ता), गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. (२६ का, तर महिन्यातले चार रविवार वगळून.) तुझे ४८,००० धरले तर १४ वर्षांचे ३,८७,६९२ होतात आणि १५ वर्षांचे ४,१५,३८५. ते २७ हजार त्यांच्या रेकॉर्डसाठी का सोडायचे? ३१ मार्चपर्यंत शांतपणे बस. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी द्यायची असते आणि २० लाखांपर्यंत त्यावर कर नाही.

पीएफ काढू नकोस. तुझी दहा वर्षं कधीच उलटली, त्यामुळे पेन्शनचा भाग तसाही हातात मिळायचा नाही, ५८ ला पेन्शनच मिळेल. बाकी रकमेवर व्याज चालू राहतं. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर मात्र कर लागतो, तो विवरणपत्रात दाखवायचा. खरी अडचण वेगळीच आहे. आधारवर तुझं मधलं नाव प्रसाद आहे, आणि पीएफला बाबांचं लागलंय असं तूच मागे म्हणाली होतीस. ही दुरुस्ती कंपनीच्या मंजुरीनं होते, आणि ऑफिसला कुलूप लागलं की मंजुरी द्यायला कोण बसणार? बायकांचे कितीतरी क्लेम या मधल्या नावापायी अडकतात. या आठवड्यात कर. नॉमिनेशनही ऑनलाइन बघून घे. शेवटच्या दिवसानंतर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं चढवली का तेही तपास. नाही चढवली तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी तुला स्वतःला चढवता येते.

मेडिक्लेम. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते. ती चालू असतानाच त्याच विमा कंपनीकडं वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करायचा, म्हणजे जुन्या आजारांसाठी भोगून झालेला प्रतीक्षा काळ नव्या पॉलिसीत धरला जातो. पॉलिसी संपल्यावर गेलीस की पाटी कोरी, पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबा. तुझं थायरॉइड आहे, ईशानचा दमा आहे. फेब्रुवारीतच लेखी विचार, ईमेलवर. आमची दोघांची नावं त्यात आहेत म्हणून जीव टाकू नकोस. बाबांचं सत्तरीवरचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवलंय, पाच लाखांपर्यंतचं. माझं मी बघते. त्यांचा स्टेंट झाला तेव्हा तुझ्या पॉलिसीनं घर वाचवलं हे आम्ही विसरलो नाही, पण आता तो भार तुझ्या डोक्यावर नको.

आता ते चार लाख. प्रसादरावांचा हिशेब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षी ३४,००० व्याज वाचेल हे खरं. पण साध्या गृहकर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर बँक मुदत कमी करते, हप्ता तोच राहतो. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला ३८,००० द्यायचेच आहेत. तुमच्या दोन्ही चुली मिळून महिना १,१५,००० च्या खाली येत नाही, तूच सांगितलंस. त्यांचे हातात ९०,००० येतात. तुझा पगार थांबला की २५,००० ची खिंड पडते. चार लाख हातात असतील तर ती सोळा महिने बुजते. कर्जात गेले तर पहिल्याच महिन्यात उघडी. आणि देव न करो, त्यांचं कन्फर्मेशन झालंच नाही आणि नोकरीसकट होसूरची खोली सोडावी लागली, तर तिचं १४,००० भाडं वजा जाता हेच चार लाख जेमतेम चार महिने पुरतील.

हे त्यांना कुणी सांगायचं? मी सांगू शकत नाही.

बघ, विषय काढायचा नाही म्हटलं होतं.

कन्फर्मेशनच्या तोंडावर त्यांच्या डोक्याला ताप नको, हा तुझा विचार मला कळतो. पंचेचाळिसाव्या वर्षी परक्या भाषेच्या गावात नव्यानं परीक्षा देत बसणं सोपं नाही. पण तू त्यांना ज्या तापातून वाचवतेस, त्याच्या बदल्यात ते चुकीच्या आकड्यावर निर्णय घेतायत. आज कर्जात भरायचे म्हणतात, उद्या तिथं गाडी बुक करतील. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. राजाराम बंधाऱ्यावर ३९ लागले की चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं हलवायला काढतात, ४३ ची वाट बघत नाहीत, कारण तेव्हा रस्ताच राहत नाही. तू जानेवारी म्हणतेस ते ४३ आहे गं.

नीलूच्या लग्नात तू अंगभर कांजिण्या घेऊन लांब बाह्यांचा ब्लाउज घालून फिरलीस. मे महिना, वर मांडवात पंखा नाही. कळलं तर मला घरी ठेवतील आणि आईलाही थांबावं लागेल, म्हणून गप्प. बारा वर्षांची पोर, अंगात ताप, आणि पंगतीत वाढत होतीस. पुढच्या पंधरवड्यात निपाणीचे निम्मे वऱ्हाडी आडवे. नवरा मुलगासुद्धा. शशीकाका अजून चिडवतो. मला तेव्हा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता, कसला ते आजही नीट सांगता येणार नाही. तू पहिल्यापासून अशीच, आपलं दुखणं दुसऱ्याच्या कार्यात येऊ द्यायचं नाही. पण प्रसादराव वऱ्हाडी नाहीत.

सांगायचंच ठरवलंस तर (ठरव बाई) कसं ते लिहिते. मेसेजवर नको. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेअकराला तर नकोच, तेव्हा माणूस फक्त वाईट तेवढं ऐकतो. त्यांचा शिफ्टचा तक्ता मागवून फ्रिजवर लाव, म्हणजे ते कधी कसे दमलेले असतात ते तुलाही दिसेल. आठवडी सुट्टीच्या सकाळी, ईशान क्लासला गेला की. आधी नुसते आकडे: तारीख ३१ मार्च, ग्रॅच्युइटी इतकी, पीएफ इतका, रजेचे पैसे इतके. मग थांब. ते गप्प बसतील, बसू देत. लाइनवरची शांतता तुला सहन होत नाही, तू लगेच "काही नाही, होईल सगळं" म्हणून गुंडाळतेस आणि समोरच्याला वाटतं विषय संपला. त्या दिवशी निर्णय मागू नकोस. "मग मी होसूरला येऊ का" हेही त्या दिवशी नको. ईशानची बारावी फेब्रुवारीत, पुढं सीईटी, त्याआधी घर हलत नाही, म्हणजे त्या प्रश्नाला मेपर्यंत वेळ आहे.

पैशाचं बोलणं महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, दोघांसमोर एकच तक्ता उघडा ठेवून. एरवीच्या फोनमध्ये पैसा आणायचा नाही. रोज पाच मिनिटं "जेवलीस का, झोपला का" अशी हजेरी घेण्यापेक्षा आठवड्यात तीनदा बसून बोला. आणि पोळ्या लाटताना व्हिडिओ कॉल करू नकोस. तू ऐकत असतेस, पण त्यांना तुझं छत दिसतं.

त्या तक्त्यावर दोन रेघा मारा. सहा महिन्यांचा खर्च शिल्लक राहिला की एक, तीन महिन्यांचा राहिला की दुसरी. पहिल्या रेघेला एसआयपी थांबवायची, दुसऱ्या रेघेला बँकेत जायचं. हप्ता चुकायच्या आधी जायचं, चुकल्यावर नाही. ९० दिवस थकला की खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जांत, जातं आणि मग मॅनेजरच्याही हातात फारसं राहत नाही.

भेटायचं म्हणून दर वेळी कोल्हापूरला येऊ नका, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण तुम्ही आलात की पहिल्या दिवशी तांबडा-पांढरा, दुसऱ्या दिवशी आत्याकडं, संध्याकाळी रंकाळ्यावर सगळं गणगोत, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी जे बोलता ते सगळ्यांच्या देखत. नकाशा काढून बघ, पुणे आणि बंगळूर यांच्या साधारण मध्यावर हुबळी येते, दोन्हीकडून चारशे-सव्वाचारशे किलोमीटर. बंगळूरकडून दिवसाची वंदे भारत आहे. पुण्याकडून आठवड्यात तीनच दिवस, दुपारी निघून रात्री उशिरा पोचते, तेव्हा वार बघून ठरव. परतीची हुबळीहून पहाटेच सुटते, त्यापेक्षा येताना रात्रीची बस बरी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये मात्र गाडीनं यायचा बेत करू नका, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की दोन्हीकडचे अडकतात. २०१९ ला आणि २०२१ ला ते झालंच.

कामाची मला तितकी काळजी नाही. खरंच नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, कुठंही विचार. लहान फौंड्रीवाल्याला क्वालिटीचा कायमचा इंजिनिअर परवडत नाही, पण ग्राहकाचं ऑडिट लागलं की त्याची पळापळ होते. कंट्रोल प्लॅन जुना, गेजची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं संपलेली, पीपॅपच्या (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या) फायलीत निम्मे कागद नाहीत. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे गॅसचं भोक, आला की वाळूची ओल बघायची की कोअरचा गॅस, हे तुला कास्टिंग बघून कळतं. सल्ल्याचं काम घेतलंस तर वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणीही लागत नाही. आयएटीएफच्या (गाड्यांच्या उद्योगातल्या क्वालिटी मानकाच्या) ऑडिटरचं सर्टिफिकेट आणि ट्रेनिंगचे दाखले आत्ताच आपल्या ईमेलवर घे, शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतो. कंपनीचं एकही ड्रॉइंग मात्र घेऊ नकोस. कोल्हापुरात ये असं मी म्हणत नाही. बाबा म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस.

फार शिकवलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला मी शिफ्टचा तक्ता लावायला सांगतेय. रागावू नकोस.

पण कर्जात पैसे भरायच्या आधी त्यांना सांग. बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

ईशानला सांग, भडंग आणि काकवी पाठवतेय, काकवी फ्रिजमध्ये ठेवायची नाही.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या जॉइनिंग लेटरची मूळ प्रत माझ्या कपाटात निळ्या फायलीत आहे, गारगोटीच्या कागदांखाली. त्यावर १८ जुलै हीच तारीख आहे, मी चष्मा लावून बघितली. एचआरच्या सिस्टिममध्ये दुसरी काही निघाली तर कळव, स्पीड पोस्टानं झेरॉक्स पाठवते. मूळ प्रत देणार नाही.