ताई, ते "दोनशे नऊ" मी विसरलो नाही

ताई, नमस्कार.

सगळ्यांसमोर लिहितोय कारण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हो रे, चल पॅकिंग कर आधी" म्हणून विषय बदलता. गेल्या शनिवारी माझी स्कायडायव्हिंगची 118वी उडी झाली, नीट पायांवर उतरलो, कॅनोपी म्हणजे पॅराशूटचं कापड गोळा करताना एकदम भरून आलं आणि ठरवलं की आता लिहायचंच.

तुम्ही भेटलात तेव्हा माझ्या जेमतेम 31 उड्या झाल्या होत्या. लायसन्स नवंकोरं, भाड्याच्या 240 स्क्वेअर फुटाच्या पॅराशूटवर उडून कंटाळलो होतो, स्वतःची रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच, हवी होती. ज्याच्याकडून सेकंडहँड घेणार होतो त्यानं फोनवर वजन विचारलं, मी म्हटलं 78 किलो म्हणजे 172 पाउंड, तो म्हणाला मग 170 स्क्वेअर फुटाचं घे, एकास एक बसतं, म्हणजे दर स्क्वेअर फुटाला एक पाउंड, 210 घेशील तर सहा महिन्यांत विकायला काढशील. आणखी दोघा अनुभवी लोकांना विचारलं तर त्यांनीही माना डोलावल्या, एक तर म्हणाला 210 म्हणजे तंबू. हजारो उड्या मारलेली माणसं ही, पण एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हे 78 कधी मोजलंस आणि अंगावर काय काय घालून मोजलंस. मला माहीत नव्हतं, मी नवीन होतो. त्यांना माहीत होतं. याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

तुम्ही लेक्चर दिलं नाहीत. गाडीच्या डिकीतून साधा बाथरूममधला वजनकाटा आणलात, सिमेंटवर ठेवलात आणि म्हणालात रिग चढव, हेल्मेट घाल, बूट राहू देत, आता उभा राहा. आजूबाजूला सातआठ जण पॅराशूटचं पॅकिंग करत होते, त्यात तो तंबूवालाही होता. तुम्ही वाकून आकडा बघितलात, काटा कुणाला दिसणार नाही अशा उभ्या राहिलात आणि हळू आवाजात मराठीत म्हणालात, "दोनशे नऊ."

ताई, तेवढंच. पण ते मराठीत सांगणं माझ्या मनातून जात नाही. इंग्रजीत मोठ्यानं सांगितलं असतंत तरी चुकीचं काही नव्हतं, चारचौघांत हशा झाला असता आणि मी हट्टानं 170 च घेतलं असतं, मला माझा स्वभाव माहीत आहे.

मग मॅटवर बसून हिशोब केलात. माझेच 84 किलो भरले, वर 11 किलो सामान. 209 ला 170 नी भागलं तर 1.23, 210 नी भागलं तर बरोबर एकाच्या आत, आणि हा आकडा वाढला की उतरण्याचा वेग वाढतो. वर अॅरिझोनाचा उन्हाळा, जमीनच दीड हजार फुटांवर, तापलेली हवा विरळ, म्हणजे तीच कॅनोपी जमिनीकडे अजून जोरात येणार. आणि रिझर्व्हचं, म्हणजे मुख्य पॅराशूट बिघडलं तर उघडायच्या राखीव पॅराशूटचं, तर मला कुणी बोललंच नव्हतं! कंटेनर, म्हणजे दोन्ही पॅराशूट ठेवायची पाठीवरची पिशवी, लहान घेतला की रिझर्व्हही लहानच बसतं, आणि रिझर्व्हखाली उतरायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच घाबरलेला असतो, हे तुमचं वाक्य ऐकून पोटात गोळा आला होता. मी इचलकरंजीचा, घरात माग, कापड आम्हाला जन्मापासून कळतं असं वाटायचं. हे कापड तुम्ही शिकवलंत.

त्या 170 विकणाऱ्याला दिलेले 200 डॉलर आगाऊ बुडाले, बुडू देत. मी मोठा कंटेनर शोधला आणि तुम्ही तुमचं कपाटात पडलेलं 210 त्यात स्वतः बसवून दिलंत, पैशांचं विचारलं तर म्हणालात आधी शंभर उड्या कर.

44व्या उडीला, जूनमधली दुपार, शेवटच्या क्षणी वारा फिरला आणि मी वाऱ्याच्याच दिशेनं, म्हणजे जास्त वेगानं, उतरलो. जमिनीजवळ वळायचं नाही, सरळ राहायचं, पूर्ण फ्लेअर म्हणजे दोन्ही दोऱ्या खाली ओढून वेग कमी करायचा, पाय जुळवून लोळायचं, तुमचाच आवाज कानात होता. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. त्या जागी 170 असतं तर, हा विचार रात्री कितीतरी वेळ डोक्यातून जात नव्हता.

लोक म्हणतात या खेळात धाडसी माणसं भेटतात. भेटतात, खूप भेटतात. पण दुसऱ्याची लाज राखून त्याला खरं सांगणारं माणूस मला इतक्या वर्षांत, ऑफिसातसुद्धा, फार थोड्या वेळा भेटलंय, आणि ज्या घरात असं माणूस असेल ते घर नशीबवान.

तुमचं 210 पुढच्या शनिवारी परत आणतोय. मी 190 घेतोय, शंभर झाल्या म्हणून नाही, तुम्ही माझी लँडिंग बघून हो म्हणालात म्हणून. डाव्या टोकाला त्या जूनच्या दिवशीची लाल माती लागलीय, ती तशीच आहे. कॅनोपी धुवायची नसते असं तुम्हीच सांगितलं होतं.

तुमचा,
इचलकरंजीवाला