दोन रॉडचा वेल्डर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात ‘चोरांना फुकट शिक्षण’ हे पत्र वाचलं. गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना करदात्यांच्या पैशानं काम शिकवू नये, असा त्याचा सूर. लेखक करदाते आहेत. तसं त्यांनी तीनदा लिहिलंच आहे. त्यांनी निश्चिंत राहावं. त्यांचा पैसा चोरांपर्यंत पोचतच नाही.

आमच्या बाबाजीपुऱ्यातला एक मुलगा. सतरा वर्षांचा असताना मित्रांच्या नादानं मोबाइल हिसकावण्याच्या प्रकरणात सापडला, काही महिने सुधारगृहात काढून आला. आईनं त्याला सरकारी योजनेतल्या वेल्डिंगच्या वर्गाला घातला. (केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही ते तसंही कापाल.) तीस पोरं, मशीन एक, आणि दिवसाला पोरामागे दोन रॉड, म्हणजे जोड मारताना वितळून संपणाऱ्या सळया! साहेब, एक रॉड जळायला दीड मिनिट लागत नाही. म्हणजे तीन मिनिटांत प्रशिक्षण आटोपलं. उरलेला दिवस हजेरीचा अंगठा लावायचा आणि मुलाखतीला टाय कसा बांधावा ते ऐकायचं. टाय बांधून वेल्डिंग करणारा माणूस मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांत एकतीस वर्षं काढूनही मी पाहिला नाही.

प्रमाणपत्र मात्र झकास, फोटोसकट. पण हातात काही नव्हतं. शेवटी माझ्या अंगणात भंगारातल्या पट्ट्या आणून त्याला रोज संध्याकाळी बसवला. रॉड माझ्या पेन्शनीतले. दीड महिन्यानं त्यानं उभा जोड मारला, खपली ठोकून काढली, आणि खाली माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ. मी टर्नर, लेथवरचा माणूस, तरी एवढं कळतं.

एका ठेकेदारानं काम पाहून लगेच ‘सोमवारथी आवी जा’, सोमवारपासून ये, म्हटलं. मग पोलिसांचा दाखला मागितला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम २४ आहे: अशा मुलाच्या वाटेत जुनं प्रकरण आडवं येऊ द्यायचं नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या ज्या मुलांवर मोठ्यांसारखा खटला चालतो त्यांचा. याच्यावर तसा चालला नव्हता. पण चौकीतल्या जमादाराला कलम पाठ नसतं, पोराचं तोंड पाठ असतं. ‘अरे, हा तर तोच ना?’ एवढं तो मोठ्यानं म्हणाला. मी शेजारीच उभा होतो. दाखला महिनाभर लटकला, तोवर जागा भरली. आता पोरगा मंगळबाजारात हातगाडीवर टी-शर्ट विकतो.

खर्च कुठे होतो ते यावरून पाहा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. पहिल्या तीन टप्प्यांत पोरांना नोकरी लागली का, हे निदान कागदावर तरी मोजत होते. चौथ्यात तेही सोडलं. म्हणे पोरांनी आपली वाट आपणच निवडावी. वा! वाट निवडायला निघालेल्याला चौकीवरच अडवतात, त्याचं काय? मशीन आणि रॉड वाढवा, आणि अशा पोरांना कामावर घेणाऱ्या ठेकेदाराला पहिल्या वर्षाचा निम्मा पगार सरकारनं द्यावा. करदात्यांना परवडेल. नाही परवडलं तर टायचा खर्च वाचवा.

जाता जाता, त्याच अंकात पान चारवर आपण कलाभवनाचा उल्लेख ‘सयाजीरावांनी काढलेली चित्रशाळा’ असा केला आहे. चित्रकला तिथे होतीच, पण १८९० साली महाराजांनी ते काढलं ते सुतारकाम, कापड रंगवणं, विणकाम, यंत्रकाम शिकवायला, आणि तेही गुजरातीतून. मुख्य होते त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे. बडोद्यात छापणाऱ्या पेपराला एवढं माहीत असायला हवं. मागच्या वेळी सूरसागर तलावाच्या वासाबद्दल लिहिलं तेव्हा तुम्ही माझं पत्र अर्धं कापलंत आणि नेमका वासच गाळलात. या वेळी कापायचंच असेल तर कलाभवनाचं कापा, रॉडचं ठेवा.

माझ्या घराचं फाटक त्या पोरानंच केलंय. कुणा ठेकेदाराला जोड पाहायचे असतील तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त टर्नर
बाबाजीपुरा, बडोदे