तळमजल्याविषयी मित्रास पत्र

नागपूर,
दि. १६ जून २०२४

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्यातील नोकरी संपवून तू काकूंना घेऊन नागपुरास परत येणार, हे वाचून आम्हां दोघांना फार आनंद झाला. परंतु नाग नदीच्या काठच्या एका लेआउटमधील तळमजल्याचा फ्लॅट तू जवळजवळ नक्की केला आहेस, कारण काकूंच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही आणि भावही बरा आहे, हे वाचून मी पत्र खाली ठेवले. भाव बरा का आहे, हे दलालाने तुला सांगितले नसणार. गेल्या सप्टेंबरात नागपुरात पूर आला तेव्हा मीही फोनवर ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढेच बोललो होतो. उरलेले आज लिहितो.

२२ सप्टेंबर २०२३ ला, शुक्रवारी, आमच्याकडे महालक्ष्म्यांचे जेवण होते. सोळा भाज्या, कढी, पुरणपोळी, आंबील असा सगळा बेत होता. पाहुणे रात्री उशिरा गेले आणि दमून आम्ही लगेच झोपी गेलो. पाऊस मध्यरात्रीनंतर वाढला. मला जाग आली ती पावसाने नव्हे, तर न्हाणीघरातून येणाऱ्या गुळगुळ आवाजाने. मोरीच्या जाळीतून काळे पाणी उलटे वर येत होते. दारातून पाणी शिरण्यापूर्वी ते गटारातून येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. नदी भरली की नाल्यांचे तोंड बंद होते, नाल्यात उतरणाऱ्या गटारांचे पाणी अडते, आणि ते सर्वांत सखल मोरी शोधते. आमची मोरी सखलच, कारण घर बांधले तेव्हा रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच असलेले आमचे जोते, सिमेंटच्या रस्त्यावर आणखी थर चढल्यावर, रस्त्यापेक्षा एक पायरी खाली गेले होते.

पुढच्या अर्ध्या तासात कमरेएवढे पाणी झाले. हिने महालक्ष्म्यांचे मुखवटे पदरात बांधले, मी आईला उचलून घेतले आणि आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. जिन्यावरून मागे वळून पाहिले, तेव्हा आमचा फ्रिज आडवा होऊन बैठकीत संथपणे फिरत होता. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर होती, म्हणून पाणी तिच्यापर्यंत पोचण्याआधीच मी इन्व्हर्टर आणि मेन स्विच दोन्ही बंद केले होते. त्या रात्री सुचलेली तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट.

त्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. आकडा ऐकायला लहान वाटतो. म्हणून तुझ्यासारख्या हिशेबी माणसाला हिशेबानेच सांगतो. एका हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. पूर्वी त्यातले बरेचसे माती पीत असे. आता अंगणात फरशा, रस्त्यावर सिमेंट आणि रिकाम्या भूखंडांवर इमारती आहेत. त्यातच १८७० च्या सुमारास बांधलेला आपला अंबाझरी तलाव तुडुंब भरला आणि सांडव्यावरून वाहू लागला. सांडव्याखालचे नाग नदीचे पात्र दोन्ही बाजूंच्या बांधकामांनी आवळलेले, म्हणून पाणी पात्र सोडून अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घुसले आणि तसेच पुढे जात मोरभवनच्या बसस्थानकातही शिरले. सांडव्याजवळ उभारलेल्या स्वामी विवेकानंद स्मारकाचा आणि पात्राच्या रुंदीचा प्रश्न घेऊन रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आहेत, म्हणून त्यावर मी अधिक लिहीत नाही. लहानपणी आपण ज्या सांडव्यावर पाय सोडून बसत होतो, त्याच्या खाली आपण कधी पाहिलेच नव्हते, एवढेच मनात येते.

सकाळी बोटी आल्या. राज्य आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलांची पथके होती, लष्कराच्या तुकड्याही आल्या. एका मूकबधिर शाळेतील सुमारे चाळीस मुलांना बाहेर काढल्याचे नंतर कळले, तेव्हा अंगावर काटा आला. अंधारात ज्यांना हाक मारून उपयोग नाही, त्या मुलांपर्यंत पोचणे काय असते याची कल्पना कर. शहरात चार माणसे गेली. आमच्या गल्लीत कोणी दगावले नाही. शेजाऱ्यांच्या गच्चीवर सतरा माणसे होती आणि आम्हां सर्वांचे पहिले जेवण म्हणजे त्यांच्याकडच्या महालक्ष्म्यांच्या उरलेल्या पुरणपोळ्या आणि कढी. विसर्जनाचा दिवस होता. नदीच घरी आली होती, त्यामुळे मुहूर्त कोणी विचारला नाही.

पाणी दुपारपर्यंत उतरले आणि खरे हाल तेव्हा सुरू झाले. पुराची छायाचित्रे पाण्याची असतात. घरात उरतो तो गाळ. घोट्याच्या वर काळा, वंगणासारखा, सांडपाण्याच्या वासाचा गाळ, जो वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. म्हणून तो ओला असतानाच काढावा लागतो आणि त्यासाठी फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर, पाणी उपसायला टिल्लू पंप आणि पाच-सहा धडधाकट माणसे लागतात. आमच्या गल्लीत त्या दोन दिवसांत काय आले, सांगू? खिचडीची पाकिटे, बिस्किटे, पुन्हा खिचडी आणि जुन्या कपड्यांनी भरलेला एक टेम्पो. देणाऱ्यांच्या मनाविषयी मला शंका नाही, पण मला मोवाड आठवले. ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या पुरात तेथे दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि आपण कॉलेजमधून ट्रक घेऊन गेलो होतो तो कशाचा, हे तुला आठवते ना? जुन्या कपड्यांचाच. परतताना रस्त्याच्या कडेला भिजून कुजत पडलेले ढीग पाहून तू म्हणाला होतास की आपण मदत केली नाही, आपली कपाटे रिकामी केली. बत्तीस वर्षांनी मी त्याच ढिगाच्या दुसऱ्या बाजूस उभा होतो. आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडला तो एक इलेक्ट्रिशियन, जो मोबदला न घेता दारोदार फिरून ‘तीन दिवस बोर्डाला हात लावू नका’ असे सांगत होता, आणि एक मेकॅनिक, ज्याने बुडालेल्या गाड्यांच्या मालकांना किल्ली फिरवण्यापासून अक्षरशः हात धरून अडवले.

आता जी गोष्ट फोनवर सांगता आली नाही, ती लिहितो. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या. न बोलावता आल्या, पदर खोचला आणि सलग दोन दिवस आमचा गाळ काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना हिने विचारले, ‘तुमच्याकडे कितीसे पाणी होते?’ त्या म्हणाल्या, ‘पत्र्यापर्यंत.’ त्यांची खोली नाल्याला लागूनच आहे, हे आम्हांला अकरा वर्षांपासून माहीत होते, आणि आम्ही दोन दिवस विचारले नव्हते. मी लगेच त्यांच्यासोबत वस्तीत गेलो. पंचनामा करणारे आदल्या दिवशी येऊन गेले होते. त्यांच्या खोलीला कुलूप होते, म्हणून नोंद झाली नव्हती. कुलूप होते, कारण त्या माझ्या घरात होत्या.

सरकारने पूरग्रस्त घरांना दहा हजार रुपये आणि दुकानांना पन्नास हजारांपर्यंतची मदत जाहीर केली होती, आणि माझे नाव यादीत पहिल्याच फेरीत आले. माझ्याकडे घराची कागदपत्रे होती; ओली का असेनात, दोरीवर वाळत घालून दाखवता आली. त्या भाड्याने राहतात, करारनामा नाही, आधार आणि बँकेचे पासबुक नाल्यात गेलेले. ते पुन्हा काढायचे तर रोज सुटी, म्हणजे रोज एका घरचे काम बुडाले. मी त्यांच्यासोबत मदतीच्या कार्यालयात सात वेळा गेलो. पहिल्या सहाही वेळी साहेबांनी मला खुर्ची दिली आणि बाईंना उभे ठेवले. सातव्या वेळी मी खुर्ची नाकारली, त्याने काम पुढे सरकले असे नव्हे, पण मला जरा बरे वाटले. पैसे अखेर दिवाळीनंतर आले. दरम्यान त्यांच्या नातवाची शाळा दीड महिना बुडाली, कारण पाठ्यपुस्तके मिळाली तरी गणवेश आणि दाखल्याची प्रत मिळत नव्हती. मदतीच्या कोणत्याही रकान्यात ही गोष्ट बसत नाही.

तर फ्लॅटविषयी. नदीची संरक्षक भिंत काही ठिकाणी नव्याने बांधली जात आहे, हे खरे आहे, आणि दलाल तुला तीच दाखवील. तू त्या इमारतीच्या मागच्या भिंतीकडे जा आणि रंगाखाली ओलीची रेघ कोठपर्यंत आहे ते हात फिरवून पाहा. मोरीला उलटे पाणी रोखणारी झडप आहे का, विजेचे मीटर किती उंचीवर आहेत, जोते आजच्या रस्त्याहून वर आहे की खाली, हेही पाहा. आणि शेजारी विचारायचे असेल तर मालकांना नव्हे, चौकीदाराला विचार, कारण त्या रात्री तो खाली होता. काकूंसाठी लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिला मजला मिळत असेल, तर भाव दोन लाखांनी अधिक असला तरी घे. आमच्या पलीकडच्या गल्लीत तसा एक आहे. आम्ही तो पाहून ठेवला आहे. लिफ्टची मोटार गच्चीवर आहे, हेही मी वर चढून पाहिले.

विसार देण्यापूर्वी एक मोठा पाऊस होऊन जाऊ दे, आणि त्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ये. आपण दोघे गमबूट घालून जाऊ. बाईंनीही त्यांच्या वस्तीच्या बाजूने तो लेआउट दाखवते, असे सांगितले आहे. नाल्याचे पाणी प्रथम कोठे चढते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र